पीएच.डी.ची वाट



"मुलगी बी.ए. झाली, आता पुरे," हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येते. बी.ए.च्या पुढेही वाट आहे. त्या वाटेवर काय काय लागते, तेवढेच आज सांगतो.

आपल्या जामहून गिरड काही परके नाही. शेख फरीदबाबांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघेही जातात. टेकडीवर जायफळासारखे गोल दगड मिळतात. एका व्यापाऱ्याचा माल बाबांच्या शापाने दगड झाला, असे लोक सांगतात. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइट खनिजाच्या गाठी म्हणते. या गिरडचा अभ्यास कोणी करावा? इतिहास हवा, लोकसाहित्य हवे, समाजशास्त्र हवे, फारसीही हवी. एका विषयाला हे पेलत नाही. यालाच आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यासाठी स्वतंत्र विद्याशाखाच दिली आहे. आपल्या नागपूर विद्यापीठालाही तो कायदा लागू आहे. डॉ. यू. म. पठाण हे मराठीचे प्राध्यापक. संतसाहित्याबरोबर त्यांनी मराठी बखरींतील फारसीचाही अभ्यास केला. 2007 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता अटी पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे एम.ए.ला 55 टक्के गुण हवेत, किंवा चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के. नॉन-क्रीमी लेयर ओबीसींना 5 टक्के सवलत आहे. बागवान, पिंजारी, मोमीन अशा आपल्या कित्येक बिरादऱ्या ओबीसीत मोडतात. तेव्हा पालकहो, दाखले वेळीच काढून ठेवा. प्रवेश नेट परीक्षेतून किंवा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून मिळतो, मुलाखतही होते. मग किमान 12 श्रेयांकांचा कोर्सवर्क. मार्गदर्शक एका विषयाचे असले, तरी दुसऱ्या विभागाचे सहमार्गदर्शक परवानगीने घेता येतात. दोन विषय जोडणाऱ्याने ही सोय जरूर वापरावी. प्रबंधात उचलेगिरी नाही ना, हे तपासले जाते. बाहेरचे किमान दोन परीक्षक तो वाचतात आणि शेवटी तोंडी परीक्षा होते. मुदत किमान 3 व कमाल 6 वर्षे. पुनर्नोंदणीने 2 वर्षे वाढतात, मुलींना त्याहून आणखी 2. शिवाय 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा. लग्न झाले म्हणून शिक्षण थांबलेच पाहिजे, असे नियमांत कोठेही नाही.

पैशाचे काय? मौलाना आझाद फेलोशिप 2022-23 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. म्हणून आता नेटमधील जेआरएफवर नजर ठेवा. 1 जानेवारी 2023 पासून तिची रक्कम दरमहा 37,000 रुपये झाली. ही परीक्षा एम.ए.च्या शेवटच्या वर्षीही देता येते.

विद्यार्थ्यांनो, पीएच.डी.चा अर्ज भरण्यापूर्वी एक प्रश्न शोधा, जो तुम्हाला खरोखर छळतो. पालकांनो, मुलगी असा प्रश्न घेऊन आली, तर "पुरे" म्हणू नका, "पुढे काय लागते?" एवढे विचारा.