नृत्यपटातील आंगिक अभिनय

नृत्यप्रधान चित्रपट पाहून घरी परतणाऱ्या प्रेक्षकाच्या ओठांवर बहुधा एखादी चाल असते आणि डोळ्यांपुढे नर्तकीचे पदन्यास तरळत असतात. परंतु नाच थांबल्यावर नट कसा उभा राहिला, आपल्याच घराचा उंबरठा त्याने कसा ओलांडला, इकडे त्याचे लक्ष क्वचितच गेलेले असते. वास्तविक नटाची खरी कसोटी तेथेच लागते. पदन्यास नृत्यदिग्दर्शक बसवून देतो. दोन नाचांमधले चालणे, बसणे, वळून पाहणे मात्र नटाला स्वतःच शोधावे लागते.

भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी आंगिक अभिनयाचे, म्हणजे देहाच्या भाषेचे, स्वरूप चित्रपटात पुष्कळच पालटते. रंगभूमीवर शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासाठी हालचाल मोठी करावी लागते. कॅमेरा मनगट, मान, पापणी हाताच्या अंतरावरून पाहतो. यामुळे नाटकात खपून जाणारी उसनी हालचाल पडद्यावर तत्काळ उघडी पडते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०१० साली प्रदर्शित झालेला रवी जाधव दिग्दर्शित ‘नटरंग’ हा मराठी चित्रपट. डॉ. आनंद यादव यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. गुणा हा गरीब मजूर अंगाने पहिलवान, मनाने तमाशाचा वेडा. तो स्वतःचा फड उभा करतो. फडाला नाच्या हवा असतो. पण ते काम पत्करावयास कोणी पुढे येत नाही, आणि शेवटी गुणालाच ते अंगावर घ्यावे लागते. ही भूमिका करणाऱ्या अतुल कुलकर्णी यांनी प्रथम वजन वाढवून पहिलवानाचे शरीर कमावले आणि पुढे नाच्यासाठी ते उतरविले.

तथापि केवळ वजन उतरल्याने पहिलवानाचा नाच्या होत नाही, हे वऱ्हाडातील प्रेक्षकाला समजावून सांगण्याची गरज नाही. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने अनेक पिढ्यांची शरीरे घडविली. त्याचे पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले. ज्या जिल्ह्यात मल्लखांब व कुस्ती अशा रुजल्या, तेथील माणूस पहिलवान लांबूनही ओळखतो. त्याचे पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, भार दोन्ही पायांवर सारखा, कोपरे अंगालगत आणि नजर समोरच्यावर रोखलेली. सारा देह जणू आपली जागा सोडावयाची नाही असे सांगत असतो. नाच्याची ठेवण याच्या अगदी उलट. भार एका पायावर, कंबर एका अंगास झुकलेली, मनगट सैल, मान कलती आणि नजर तिरपी. एका देहातून दुसऱ्या देहात जाणे म्हणजे वर्षानुवर्षांची सवय स्नायूस्नायूतून उपसून काढणे होय. गुणाच्या पहिल्या प्रयत्नांत जो अवघडलेपणा दिसतो, तो यामुळेच खरा वाटतो. पुढे नाच अंगी मुरल्यावर तोच लाघवीपणा फडाबाहेरही त्याच्या हातात डोकावू लागतो, आणि गावाला ते सोसवत नाही. घर दुरावते, उपहास वाट्याला येतो, विटंबनाही होते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पुरुषाने स्त्रीचे हावभाव करणे हे महाराष्ट्राला काही नवे नव्हते. अमरावतीचे नाटककार वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ या नाटकात मृणालिनीची भूमिका केशवराव भोसले यांनी केली आणि रसिकांनी तिचे कौतुक केले. बालगंधर्वांच्या वेशभूषेचे अनुकरण तर कुलीन स्त्रियाही करीत. उलट तमाशातील नाच्याला, किंवा विदर्भाच्या खडी गंमतीत लुगडे नेसून नाचणाऱ्या पुरुषाला, टाळ्या मिळाल्या तरी मान मिळाला नाही. कला एकाच जातीची, पण एकीला शालजोडी आणि दुसरीला शिट्टी! अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांतूनही नाटकाची वर्णने आदराने होत आणि गंमतीचे नाव हसून टाळले जाई. ‘नटरंग’ पाहताना हा दुजाभाव प्रेक्षकाच्या मनाला टोचतो, तो संवादांपेक्षा नटाच्या देहामुळेच अधिक.

देहाचे असे पालटणे नाचणाऱ्याच्याच वाट्याला येते असेही नाही. व्ही. शांताराम यांच्या १९७२ सालच्या ‘पिंजरा’ चित्रपटात संध्या नाचतात. परंतु कथेचा भार डॉ. श्रीराम लागू यांच्या न नाचणाऱ्या शरीरावर आहे. आदर्श शिक्षकाचा ताठ कणा, रोखलेली नजर आणि मोजकी पावले तमाशाच्या संगतीत हळूहळू सुटत जातात. नर्तकीची गती वाढत असता मास्तरांची गती मंदावते. त्या विरोधातूनच शोकांतिका आकार घेते.

विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन राहावयाचे ठरविले तेव्हा, धनुष्याच्या दोरीने हातांवर पडलेले घट्टे आपण बांगड्यांनी झाकू, असे अर्जुनाने सांगितल्याचे महाभारतात आले आहे. उत्तरेला नृत्य शिकविणाऱ्या अर्जुनाला नगराने हीन मानले नाही, आणि बांगड्यांखालचे घट्टेही पुसले गेले नाहीत. नृत्यपटातील थोर नट प्रेक्षकाला बांगड्या आणि घट्टे दोन्ही एकाच वेळी दाखवितो. पुढील वेळी असा चित्रपट पाहताना रसिकांनी गाणे संपल्यावर क्षणभर अधिक थांबून नटाच्या चालीकडे पाहावे. आणि गावच्या मांडवात कोणी पुरुष पदर सावरून उभा राहिला, तर हसण्यापूर्वी त्या देहाला हे साधण्यासाठी काय मोजावे लागले असेल, याचाही विचार करावा.