यंत्र शाळेत आणि यंत्र घरात
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. यंत्राने शिक्षण सुधारते काय, यावर चार शब्द बोला म्हणालात, म्हणून उभी राहिले.

आपल्याच शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा ऐकून ठाऊक असेल. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड गुरुजींनी गावकऱ्यांच्या मदतीने डिजिटल वर्ग उभा केला. पाड्यावरची पोरे पडद्यावर बोट लावून धडे शिकू लागली. तेथे यंत्र शाळेचे होते आणि शेजारी गुरुजी उभे होते. ज्याच्या घरी काही नाही, त्याच्याही वाट्याला ते येई.

पुढे मार्च २०२० मध्ये करोनाने शाळा बंद पडल्या. खेड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. मधल्या काळात शाळा फोनमध्ये गेली. फोन घरात एकच, तो घरधनी कामावर नेणार. संध्याकाळी आला तर रेंज नाही, रेंज असली तर रिचार्ज संपलेला. एवढे करून मिळालाच तर आधी मुलाच्या हाती, मुलगी चुलीपाशी. तानशाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, आणि काठच्या बाईच्या डोक्यावरचा हंडा काही उतरत नाही. त्यातलाच हा प्रकार!

यंत्र नकोच, असे मी म्हणत नाही. मंडळाच्या शिलकीतून एक टॅब घ्यावा, तो येथेच ठेवावा, संध्याकाळी तासभर मुलींना आधी बसवावे. मात्र जवळ कोणीतरी मोठे हवे. नुसता टॅब दिला तर सिनेमाची गाणीच लागतील. आपण पाळ्या लावू या. मंगळवार माझा.