दाढ काढावी की राखावी?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा सारांश)



दातांच्या डॉक्टरला कोणी आनंदाने भेटत नाही. आपण आज स्वखुशीने आलात, हे मी माझे भाग्य समजतो!

दवाखान्यात नित्य कानी पडणारे वाक्य एकच : "डॉक्टरसाहेब, एकदाची काढून टाका." लहान मुलांच्या बाबतीत ते ऐकताना फार वाईट वाटते. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, एक नवी दाढ उगवते. काही पडले नाही म्हणून पालकांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी 'पडणारच आहे' म्हणून दुर्लक्ष होते. वस्तुतः ती जन्मभराची असते. एका आठ वर्षांच्या मुलीच्या अशा दोन दाढा मला काढाव्या लागल्या. वेळीच आली असती तर साध्या सिमेंटने काम भागले असते. "ह्या पुन्हा येतील ना?" असे तिच्या आईने विचारले, तेव्हा काय उत्तर द्यावे हे मला सुचेना.

कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात व ते दातावरील कठीण आवरण विरघळवते. लाळ ही झीज भरून काढते, परंतु तिला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे महत्त्वाचे. जेवणातील वाटीभर श्रीखंडापेक्षा दिवसभर चघळलेल्या गोळ्या अधिक घातक ठरतात.

कीड वरवर असेल तर दात भरता येतो. ती नसेपर्यंत पोहोचली, रात्री ठणका लागू लागला, की रूट कॅनालचा उपाय असतो. त्यात नस काढून मुळातील नलिका स्वच्छ करून बंद करतात. त्यानंतर दाढेवर बहुधा कॅप बसवावी लागते. दुखणे थांबले म्हणून अनेकजण कॅप टाळतात आणि काही महिन्यांनी तुटलेली दाढ घेऊन येतात. दात काढलाच तर शेजारचे दात रिकाम्या जागेत झुकतात. ब्रिज बसवताना शेजारचे निरोगी दात घासावे लागतात, इम्प्लांटमध्ये ते टळते. स्वीडनचे डॉ. ब्रोनमार्क यांनी 1965 साली टायटॅनियमचे असे पहिले इम्प्लांट रुग्णास बसविले. उपाय उत्तम आहे, परंतु स्वतःचा दात वाचत असेल तर मी प्रथम तोच वाचवीन.

वरची दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. साफ केल्याने दात सैल होत नाहीत. साचलेला कठीण थर निघाल्यावर आधीचा सैलपणा जाणवतो, इतकेच. मधुमेहींनी मात्र हिरड्यांतून येणारे रक्त अंगावर काढू नये. हिरड्यांचा विकार साखर वाढवितो आणि वाढलेली साखर हिरड्या बिघडविते.

चौविहार पाळणाऱ्या भगिनी विचारतात, रात्री पाणी वर्ज्य, मग ब्रश कसा करावा? सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर, पच्चक्खाण घेण्याआधी करावा. पुढे रात्रभर तोंडात काही जात नाही, हा दातांना मोठाच लाभ आहे. निर्जळ उपवासात लाळ कमी होते; म्हणून आदल्या सायंकाळी दात विशेष काळजीने घासावेत.

आता आपल्या शंका विचाराव्यात. पहिला प्रश्न मागे बसलेल्या आजींचा घेऊ. मघापासून त्या गालाला हात लावून बसल्या आहेत.