व्यायामोपचार तलावाच्या पाण्याची निगा
(वार्षिक सभेतील निवेदन)



आपल्या साहाय्याने उभा राहिलेला व्यायामोपचाराचा तलाव काही दिवस बंद ठेवावा लागला, त्याचे कारण सांगणे आमचे कर्तव्य आहे. पाण्यास उग्र वास येऊ लागला, तेव्हा क्लोरीन अधिक झाले असे समजून आम्ही मात्रा घटविली. ती आमची चूक होती. घाम व लघवीतील द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनते. वास त्याचा असतो. अशा वेळी मुक्त क्लोरीन बहुधा अपुरेच असते, आणि कोमट पाण्यात ते लवकर संपते. शिवाय पाण्याचा सामू ७.५ असता सुमारे निम्मे क्लोरीन प्रभावी जंतुनाशक रूपात राहते. सामू ८ झाल्यास जेमतेम पाव भाग उरतो. सुदैवाने कोणा रुग्णास बाधा झाली नाही.

आता सामू ७.२ ते ७.८ व मुक्त क्लोरीन यांची तपासणी रोज अनेक वेळा होऊन नोंदवहीत लिहिली जाते. आप्तजनांना एकच विनंती : रुग्णास साबणाने स्नान घालूनच पाण्यात आणावे. पाण्याचाही ताळेबंद रोज जुळवावा लागतो, हे आम्हां वाणिज्य शाखेच्या माणसांना या प्रसंगाने शिकविले.