ओळखीचा राजा
(हीरक महोत्सवाच्या समारोपप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने इंग्रजीविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु प्रवेशाच्या दिवसांत पालक मला एकच प्रश्न विचारतात, "बाई, इथे शिकून मुलाचे इंग्रजी कच्चे तर राहणार नाही ना?" त्याचे उत्तर माझ्या अनुभवातून देते.

मी मराठी शाळेतच शिकले. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती. इंग्रजी भेटे ते केवळ पाठ्यपुस्तकात. 'ए' कुठे लिहावे आणि 'द' कुठे, हे काही केल्या उमगत नसे. एके दिवशी आमच्या इंग्रजीच्या बाईंनी पुस्तके मिटायला लावली आणि कहाणी सुरू केली : आटपाट नगर होते, तेथे एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या. मग विचारले, "आधी 'एक राजा' म्हटले, मग 'त्या राजाला' का?" कोणीतरी म्हणाले, "आता तो ओळखीचा झाला." बाई हसल्या. "अनोळखी असताना तो 'ए किंग', ओळखीचा झाला की 'द किंग'." पुढे या नियमाचे पुष्कळ अपवाद शिकले, पण इंग्रजीचे भय त्या दिवशी गेले. ही भाषा आपल्याच घराच्या दारातून आत येऊ शकते, हे कळले आणि ती आवडू लागली.

आता एक कबुली देते. मी शिक्षिका झाले तेव्हा हा धडा विसरले होते. वर्गात एका मुलीने 'स्टेशन'ऐवजी 'इस्टेशन' वाचले. मुले हसली आणि मीही हसले. त्यानंतर कित्येक आठवडे त्या मुलीने मोठ्याने वाचन केले नाही. तिची पाळी आली की ती मान खाली घालून उभी राहत असे. शेवटी एका मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बसवले आणि विचारले, "संध्याकाळी मारुतिस्तोत्र म्हणतेस ना? मग 'इस्तोत्र' म्हणतेस का?" ती हसली. जिभेला ते जोडाक्षर ठाऊकच होते. त्याची आठवण करून देणे माझे काम होते. वार्षिक परीक्षेपूर्वी तिने उभी राहून संपूर्ण धडा वाचला. अडखळली, पण थांबली नाही. तिची मी आजही ऋणी आहे.

आपल्या बडोद्याला ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमध्ये शिकून 1893 साली येथे आलेले अरविंद घोष येथील महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत आणि येथेच त्यांनी आपल्या मातृभाषेचा, बंगालीचा, अभ्यास केला. याच शहरात जन्मलेल्या दिलीप चित्रे यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. 'सेज तुका' हा तो ग्रंथ 1991 साली प्रसिद्ध झाला. तुकोबा ज्याच्या कानात मुरलेले नाहीत, त्याच्या हातून हे कार्य झाले असते काय?

पालकहो, आता आपल्या प्रश्नाकडे येते. आमची मुले इंग्रजी वाचतात, समजतात, शुद्ध लिहितात. परंतु बोलताना संकोचतात. महाविद्यालयातील पहिले काही महिने मागच्या बाकावर मुकाट्याने काढल्याचे कित्येक माजी विद्यार्थ्यांनी मला सांगितले आहे. ही उणीव मी झाकणार नाही. मात्र तिच्यावरचा उपाय मुलाची भाषा काढून घेणे हा नव्हे. चूक झाली तरी कोणी हसणार नाही, अशी बोलण्याची जागा त्याला मिळाली पाहिजे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करते. देणगी आपण उदार हस्ते दिलीत. आता महिन्यातला एक शनिवार द्या. सकाळची शाळा सुटल्यावर तासभर येऊन आठवी-नववीच्या मुलांशी इंग्रजीत बोला. आपल्या कामाविषयी, प्रवासाविषयी, फसलेल्या पहिल्या मुलाखतीविषयीसुद्धा. ज्या बाकांवर आपण बसलात तेथूनच उठून आपण बोलू लागलात, हे मुलांना दिसू द्या.

इंग्रजी त्यांच्यासाठी अजून 'एक राजा' आहे. त्याला ओळखीचा करून देण्याचे काम आपण मिळून करू या.