पान उलटून पाहिलं नाही

फौजेतून निवृत्त झालेला माणूस बोलायला उभा राहिला की ऐकणाऱ्यांना सीमेवरच्या गोष्टी हव्या असतात. आज त्या नाहीत. आज मी पामच्या झाडांबद्दल बोलणार आहे, आणि माझ्यासारख्याच आठ-नऊ वेड्यांबरोबर लोकांच्या खासगी बागांतून हिंडण्याबद्दल.

हे वेड मला समुद्रकिनारी नाही, बर्फात लागलं. १९८६च्या हिवाळ्यात मी पिथौरागढला होतो, तरुण कॅप्टन. थलकेदारच्या डोंगरावर बांजच्या जंगलात एका उतारावर चक्क माडासारखी झाडं दिसली. झावळ्यांवर बर्फ, खोडाला काथ्याचं कांबळं. पाम म्हणजे समुद्र, वाळू आणि शहाळं, एवढीच माझी समजूत होती. ट्रॅकिकार्पस टाकिल हे त्या कुमाऊँच्या रहिवाशाचं नाव मला कळायला पुढे वीस वर्षं गेली.

जगात पामच्या अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या आपल्या ओळखीच्या किती? नारळ, पोफळ, ताड, शिंदी, खजूर, कोकणातले असाल तर भेर्ली माड. नर्सरीत ‘अरेका पाम’ म्हणून कुंडीत मिळतो तो मादागास्करचा. खरी अरेका म्हणजे आपली पोफळ. आणि हॉटेलांच्या दारात पंखा पसरून उभा असतो तो ‘ट्रॅव्हलर्स पाम’ तर पामच नाही. पण हे नर्सरीवाल्याला सांगायला जाऊ नका, मी जाऊन पाहिलंय.

निवृत्तीनंतर बेळगावला वीस गुंठ्यांत मी बाग केली. छावणीतली झाडं तुम्ही पाहिली असतील. बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे आणि कपाळावर नंबराची पाटी. तीच शिस्त मी घरी आणली. बेचाळीस पाम, बेचाळीस पत्र्याच्या पाट्या, प्रत्येकीला दोन खिळे. मला फार अभिमान होता त्या पाट्यांचा. पुढे आमच्या गटातल्या पणजीच्या एक बाई, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक, बाग बघायला आल्या. चहा घेण्याआधीच त्यांनी विचारलं, “कर्नल, या झाडांना कसली शिक्षा दिलीत?”

त्यांनी तिथेच शिकवणी घेतली. आंब्याच्या खोडाला जखम झाली तर सालीखालचा जिवंत थर वाढतो आणि जखम हळूहळू झाकली जाते. पामला तो थरच नाही. त्याच्या खोडात नळ्यांचे जुडगे विखुरलेले असतात. खोड जाडीला जेवढं व्हायचं तेवढं होतं आणि मग फक्त वर जातं. आज मारलेल्या खिळ्याचं भोक झाड मरेपर्यंत तसंच राहतं. शिवाय जखमेच्या वासावर लाल सोंड्या भुंगा येतो, त्याच्या अळ्या आतून खोड खातात आणि बाहेर काही दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. माझा एक कॅनरी खजूर असाच गेला. खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज येत होता. खिळ्यामुळेच गेला असं सिद्ध करता येणार नाही, पण मी चौऱ्याऐंशी खिळे त्याच आठवड्यात काढले. भोकं अजून आहेत.

तर आमचा गट असा. त्रिशूरचा एक दंतवैद्य, हैदराबादचं एक इंजिनिअर जोडपं, एक बँकवाले, पणजीच्या बाई आणि असेच आणखी तिघे-चौघे. १९५६ साली अमेरिकेत इंटरनॅशनल पाम सोसायटी स्थापन झाली, तिचे सभासद दर दोन वर्षांनी देशोदेशी भेटतात आणि लोकांच्या बागा बघतात. आम्ही त्याची गरिबांची आवृत्ती काढली. वर्षातून एकदा टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायचा आणि आधी विचारून लोकांच्या बागांत जायचं. नियम कडक. फाटकाशी बूट धुवायचे, कारण एका बागेची माती दुसरीत नेणं म्हणजे रोग नेणं. न विचारता बी उचलायचं नाही. आणि मालक बोलत असताना मध्ये ज्ञान पाजळायचं नाही. हा तिसरा नियम कुणीच पाळत नाही.

सरकारी बागेत झाडाला पाटी असते, खासगी बागेत झाडाला माणूस असतो. केरळात एका बागेत तळ्याच्या काठावर शेंदरी-लाल देठांचा लिपस्टिक पाम गच्च वाढलेला पाहिला. मी बेळगावला तो दोनदा लावला आणि दोन्ही वेळा हिवाळ्यात घालवला. मालक म्हणाले, “त्याचे पाय कायम ओले हवेत आणि त्याला थंडी म्हणजे काय ते कळताच कामा नये.” पुस्तकातल्या चार पानांपेक्षा हे एक वाक्य मला उपयोगी पडलं. दुसऱ्या एका बागेत श्रीताड फुललेला पाहिला. तीस-चाळीस, कधी त्याहून जास्त वर्षं पानंच वाढवतो, मग एकदाच शेंड्यावर पाच-सहा मीटर उंचीचा तुरा, फळं आणि मरण. त्याच्या पानांवर एके काळी पोथ्या लिहिल्या गेल्या. त्याखाली उभं राहून आमचा दंतवैद्य पाच मिनिटं गप्प होता, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता ज्या बागेसाठी मी आज बोलायला आलो, तिच्याकडे येतो.

डिसेंबर २०१८. आम्ही कासरगोडला होतो. तिथली नारळ संशोधनाची संस्था १९१६ सालापासूनची, ती पाहिली आणि दुपारी जवळच्या एका पोफळीच्या बागेत गेलो. घर करहाड्यांचं. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ही मंडळी घरात अजून आपली मराठी बोलतात. दारात ऐंशीच्या घरातल्या काकू. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांनी पोफळींच्या कडेनं देशोदेशीचे साठेक पाम लावले होते. प्रत्येकाला तारेनं सैल बांधलेली ॲल्युमिनियमची पट्टी आणि तीवर नंबर. खिळा एकही नाही. नावं एका वहीत होती, ती वही वाळवीनं खाल्ली.

मुलगा बंगळूरला. बोअरवेल आटलेली, नवी मारायला पैसे हवेत. रिसॉर्टांना मोठी झाडं पुरवणारा एक ठेकेदार येऊन गेला होता. काकू म्हणाल्या, “विकायला माझी ना नाही. पण काय विकू आणि काय नको, एवढं तुम्ही सांगा. ह्यांच्यामागे मला त्यातलं काही कळत नाही.”

आम्ही कामाला लागलो. मी वही घेऊन पुढे, जणू परेडची पाहणी. रॉयल पाम, विका. फॉक्सटेल, विका. हा मादागास्करचा निळा बिस्मार्क, ठेवा. नंबर ३१ पाशी आलो. सडपातळ, उंच, गुळगुळीत खोड, वर हिरवा नळा. मी वर एक नजर टाकली आणि म्हणालो, “अलेक्झांड्रा. प्रत्येक नर्सरीत असतो. विका.” पुढे गेलो. दीड-दोन सेकंदांत निकाल.

मार्चमध्ये ठेकेदार आला, वीस झाडं घेऊन गेला. बोअरवेलला पाणी लागलं. आम्हाला काकूंचा फोन आला, सगळे खूश.

पावसाळ्यात पणजीच्या बाई फोटो लावत बसल्या होत्या. नंबर ३१ खाली पडलेली एक झावळी एका फोटोत उलटी आली होती. पात्यांची खालची बाजू स्वच्छ हिरवी. अलेक्झांड्राची राखाडी-चंदेरी असते, तीच त्याची खूण. ती झावळी माझ्या बुटांपासून दोन फुटांवर पडली होती. वाकून उलटायची होती, बस.

जानेवारी २०२० मध्ये बाई आणि मी पुन्हा गेलो. यावेळी बाईंनी काकूंना झाडाचं नाव विचारलंच नाही. विचारलं, “तुम्ही दोघं फिरायला कुठे कुठे गेला होता?” काकू खुलल्या. काशी, म्हैसूर, आणि १९८४ साली अंदमान. पोर्ट ब्लेअरला ज्या घरी उतरले त्याच्या आवारात एक उंच झाड होतं, त्याच्या बिया यजमानांनी काकूंच्या रिकाम्या पावडरच्या डब्यातून आणल्या होत्या. “त्यातलं एकच जगलं. त्या कोपऱ्यात होतं,” त्या म्हणाल्या आणि रिकाम्या खड्ड्याकडे बोट दाखवलं.

बेंटिंकिया निकोबारिका. निसर्गात फक्त निकोबारमध्ये उगवणारा, धोक्यात आलेला पाम. आणि मंडळी, २००३ ते २००५ मी पोर्ट ब्लेअरला होतो. तो पाम तिथे मी नक्की पाहिला असणार. नाव विचारलं नव्हतं.

ठेकेदाराला फोन केला. झाड रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाशी लावलं होतं, पहिल्या पावसाळ्यातच शेंडा वाळला. मी काकूंना सांगितलं की चूक माझी होती. त्या म्हणाल्या, “पाणी लागलं ना.” मग थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

पोफळीवर चढणारा त्यांचा जुना गडी आमचं बोलणं ऐकत होता. तो उठला, खड्ड्यामागच्या दगडी बांधाशी गेला आणि गवत बाजूला केलं. कोयता पोचत नाही अशा फटीत वीतभर उंचीची तीन रोपं होती, दुभंगलेल्या पानांची. त्याला ती ठाऊक होती. आम्ही त्याला कधी विचारलं नव्हतं.

एक रोप काकूंच्या त्याच कोपऱ्यात लावलं. एक त्रिशूरला दंतवैद्याकडे आहे, ते सगळ्यात जोमात आहे. तिसरं बेळगावला माझ्या कुंडीत, डिसेंबर-जानेवारीत रात्री घरात आणतो, बायको त्याला ‘पाहुणे’ म्हणते. त्याच्या पट्टीवर मी नंबर घातला नाही. लिहिलंय, ‘काकूंचा पावडरचा डबा, अंदमान, १९८४.’

आता तुमचे प्रश्न घेतो. पुढच्या फेरीत कुणाला यायचं असेल तर थांबा, टेम्पोत दोन जागा आहेत.