रोजा तेरा तासांचा, शरीर मागतं बहात्तर

(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'व्यसनमुक्ती' हा विषय दिला होता. मी तो जरा लहान करून घेतलाय. सिगारेट वाईट असते हे पाकिटावरच्या चित्रानं तुम्हाला माझ्याआधीच सांगितलं आहे. मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं : शेवटची सिगारेट विझवल्यावर शरीर काय काय दुरुस्त करतं, त्याला किती वेळ लागतो आणि कोणती गोष्ट दुरुस्त होत नाही.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. या विषयात शिरलो तो अब्बांमुळे. भिवंडीत यंत्रमागावर काम करताना त्यांनी तीस-पस्तीस वर्षं विडी ओढली आणि छप्पनाव्या वर्षी ती सोडली. त्यांच्या शरीरात काय चाललंय ते समजून घ्यायला मी डॉक्टरांना प्रश्न विचारत गेलो, वाचत गेलो. त्यातलं जे पक्कं आहे तेवढंच इथे सांगतो.

सुरुवात रमजानपासून करू. आपल्यातल्या रोजा ठेवणाऱ्या बहुतेक सिगारेटवाल्यांनी हा प्रयोग स्वतःवर करून पाहिलेला आहे. आपल्याकडे सहरी संपल्यापासून इफ्तारपर्यंत साधारण १३ ते १४ तास जातात. तेवढ्या वेळात शरीर गप्प बसलेलं नसतं. सिगारेटनं वाढवलेले नाडीचे ठोके आणि रक्तदाब २० मिनिटांतच खाली यायला लागतात. रक्तातलं निकोटिन दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं. म्हणजे दोन तासांनी निम्मं, चार तासांनी पाव, सहा तासांनी दोन आणे. हिशेब पुढे नेला तर मगरिबच्या अजानपर्यंत शंभरातला जेमतेम एक भाग उरतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. तो निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. इफ्तारपर्यंत तोही सात-आठ पटींनी कमी झालेला असतो. दुपारी उपाशीपोटी डोकं दुखत असेल, पण तुमच्या रक्तात त्या वेळी सकाळपेक्षा जास्त ऑक्सिजन खेळत असतो.

मग अजान होते, खजूर खाल्ला जातो, पाणी पिऊन होतं आणि दहा मिनिटांत टपरीपाशी घोळका जमतो. तेरा तासांची दुरुस्ती एका सिगारेटनं पुसायला सुरुवात होते.

यात खरं नुकसान कुठलं ते बघा. निकोटिन थांबल्यावर होणारी चिडचिड, बेचैनी, झोप न लागणं, कामात लक्ष न लागणं हे सगळं काही तासांत सुरू होतं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं. त्यानंतर ते उतरत जातं आणि बहुतेकांचं तीन-चार आठवड्यांत निवळतं. म्हणजे कठीण चढ साधारण ७२ तासांचा आहे. रोज्यात आपण तेरा-चौदा तास चढतो आणि संध्याकाळी खाली उतरतो. दुसऱ्या दिवशी पायथ्यापासून पुन्हा सुरुवात. असा माणूस महिन्याभरात तीस वेळा चढतो आणि माथा एकदाही बघत नाही. मग म्हणतो, "मला जमत नाही." अरे, कठीण भाग तू तीस वेळा केलास! फक्त सलग केला नाहीस.

ही चिडचिड येते कुठून? रोज निकोटिन मिळत गेलं की मेंदूत त्याला पकडणाऱ्या ग्राहकांची संख्या वाढते. पुरवठा थांबला की हे वाढीव ग्राहक ओरडतात. ओढणं बंद ठेवलं तर काही आठवड्यांत त्यांची संख्या पुन्हा पूर्वीसारखी होते. आमच्या ऑफिसात रिलीजच्या रात्री मित्र म्हणतात, "सुट्टा मारला की टेन्शन जातं." त्यातलं बरंचसं टेन्शन आधीच्या सिगारेटचं निकोटिन उतरल्यानं आलेलं असतं. सोडल्यानंतर काही आठवड्यांनी लोकांची चिंता आणि ताण आधीपेक्षा कमी भरतो, असं अभ्यासांत दिसलं आहे.

"मी फक्त इफ्तारनंतर दोनच ओढतो" असं सांगणारेही पुष्कळ आहेत. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या बाबतीत कमी ओढल्यानं धोका बराच कमी होतो. हृदयाचा हिशेब वेगळा आहे. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो रोज वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. थोड्याशा धुरानंही रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं आणि रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. एकोणीस कमी केल्याचा फायदा हृदयाला एकोणीस पट मिळत नाही. तो मिळवायला विसावीही सोडावी लागते.

आता पुढचे टप्पे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत रक्ताभिसरण सुधारतं, जिना चढताना फरक जाणवतो. चव आणि वास तर त्याआधीच परत येऊ लागतात. काही जणांचा खोकला मात्र वाढतो. अब्बांचा वाढला होता. अम्मी म्हणाली, "ओढत होते तेव्हाच बरे होते!" डॉक्टरांनी समजावलं की श्वासनलिकेच्या आत केसांसारखे बारीक तंतू असतात आणि कफ, धूळ वर ढकलणं हे त्यांचं काम. धुरानं ते लुळे पडतात. धूर थांबला की ते पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कचरा बाहेर काढतात. अब्बांचा तो खोकला म्हणजे बंद पडलेली सफाई पुन्हा सुरू झाल्याची खूण होती. काही आठवड्यांत तो कमी झाला. पण खोकला लांबला, त्यात रक्त दिसलं किंवा वजन उतरलं, तर 'सफाई चाललीय' म्हणत घरी बसायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

एक वर्षानं हृदयविकाराचा जादा धोका साधारण निम्म्यावर येतो. पाच ते दहा वर्षांत तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा जादा धोका निम्मा होतो, पक्षाघाताचाही उतरतो. दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या जवळपास निम्मा. पंधरा वर्षांनी हृदयविकाराचा धोका कधीही न ओढलेल्या माणसाच्या जवळ पोहोचतो.

हे घडतं कसं, याचा एक धागा २०२० साली हाती लागला. ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी सोळा जणांच्या श्वासनलिकेतल्या पेशी घेऊन त्यांचा डीएनए वाचला. ओढणाऱ्यांच्या बहुतेक पेशींत हजारो बिघाड होते. ज्यांनी सोडली होती त्यांच्यात ४० टक्क्यांपर्यंत पेशी अशा सापडल्या, ज्या जणू धुराजवळ गेल्याच नव्हत्या. ओढत राहणाऱ्यांपेक्षा अशा पेशी चौपट. धुरातून बचावलेल्या काही चांगल्या पेशी शिल्लक असतात आणि धूर थांबल्यावर त्या वाढून बिघडलेल्यांची जागा घेतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्यांतल्या काहींनी तर कित्येक वर्षं ओढून मग सोडली होती.

आता जे परत येत नाही ते सांगतो. फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. त्यांच्या भिंती फाटून गेल्या की त्या पुन्हा तयार होत नाहीत. अब्बांच्या बऱ्याच फाटलेल्या आहेत. सोडल्यानं झालं ते असं की घसरण मंदावली. वयानुसार प्रत्येकाची फुप्फुसाची ताकद थोडी थोडी कमी होते, ओढणाऱ्याची भराभर होते. सोडणाऱ्याचा वेग पुन्हा इतरांसारखा होतो, पण गेलेलं जवळपास गेलेलंच असतं. अब्बा आज मशिदीपर्यंत चालत जातात, वाटेत एकदा थांबतात. सोडली नसती तर कदाचित घराबाहेरही पडले नसते, असं डॉक्टर म्हणतात.

तुमचं तसं नाही. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ३४ हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांची १९५१पासून पन्नास वर्षं माहिती ठेवली आणि २००४ साली निष्कर्ष छापले. आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यांतली तीन वर्षं परत मिळवली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी जवळजवळ दहाच्या दहा. या सभागृहात बसलेल्या बहुतेकांची तिशी अजून यायची आहे.

"मी सिगारेट ओढतच नाही" असं मनात म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. मावा, गुटखा, खर्रा आणि आपल्या आया-आज्यांची मिश्री याच हिशेबात येतात. निकोटिन तेच, तल्लफही तीच. सुपारीनं तोंडाची कातडी ताठ होऊन जबडा उघडेनासा झाला, तर सोडल्यावरही तो सहसा पूर्ववत होत नाही. तिथे वाट बघण्यात जास्त नुकसान आहे. आणि हुक्का? पाण्यातून धूर गेला म्हणून त्यातलं विष धुतलं जात नाही.

आता कामाच्या चार गोष्टी.

पहिली, चहा-कॉफी निम्म्यावर आणा. धुरातली रसायनं यकृताला कॅफिन भराभर संपवायला लावतात. ओढणं थांबलं की तेवढ्याच कपांचं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. छातीत धडधडतं, झोप उडते आणि माणूस समजतो की सिगारेट सुटल्यानंच हे झालं. काही औषधांचंही असंच होतं, म्हणून नियमित गोळ्या चालू असतील तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा.

दुसरी, तल्लफेची एक लाट काही मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी प्या, वुजू करा, जागा बदला. टपरीवरचा घोळका पहिले काही आठवडे टाळा.

तिसरी, नुसत्या जिद्दीवर राहू नका. निकोटिनचा गम औषधाच्या दुकानात मिळतो. तो सतत चघळायचा नसतो. थोडा चावून तोंडात चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचा. त्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर समुपदेशन फुकट मिळतं आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

चौथी, वजन. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं. त्याची तयारी ठेवा, चालायला लागा. पाच किलोंच्या भीतीनं दहा वर्षं देऊन टाकू नका.

पुढच्या रमजानला सोडायचं ठरवत असाल तर पहिल्या रोज्याच्या इफ्तारला हात आवरा. दुसऱ्या आणि तिसऱ्यालाही. तिथे चढ संपतो. तीन-चार आठवड्यांनी तल्लफेचा जोर ओसरतो, तेव्हा ईद आलेली असते. त्या दिवशी गळाभेटीनंतर कुणीतरी पाकीट पुढे करणारच. त्याला काय म्हणायचं ते आधीच ठरवून ठेवा.

पण रमजान लांब असेल तर त्याची वाट बघू नका. ७२ तास कुठल्याही सोमवारी सुरू होतात. ज्यांना ते सुरू करायचे असतील त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा. आपण एकमेकांचे नंबर घेऊ आणि पहिले तीन दिवस रोज एक फोन करू.